क्रॉस-फेजमध्ये शिखर सापडत नाही, घनता भलतीच येते: तपासणी कुठून सुरू करायची

प्रकल्प असा: जमिनीवरच्या दोन वेधशाळांच्या चुंबकीय नोंदींतल्या लहरी एकमेकींच्या किती पुढेमागे आहेत (फेजमधला फरक, म्हणजे क्रॉस-फेज) ते प्रत्येक वारंवारतेला काढायचं, आणि त्याच्या शिखरावरून वर अवकाशातल्या प्लाझ्माची (विद्युतभारित वायूची) घनता काढायची. तो अडला तर आधी लक्षणं. तुमचा त्रास यातल्या कशात बसतो ते पाहा, पुढचं अर्धं काम त्यावरच ठरतं.

१. दोन ठिकाणच्या चुंबकीय नोंदींचा क्रॉस-फेज काढलात, तर आलेख शून्याभोवती नुसता खरखरतो. शिखर नाही, दरीही नाही.
२. शिखर नाही, पण आलेख सपाटही नाही. शून्यापासून निघून चढत (किंवा उतरत) गेलेली तिरकी रेघ दिसते.
३. शिखर स्पष्ट आहे, पण उलटं.
४. शिखर दिवसरात्र एकाच वारंवारतेवर खिळलेलं, किंवा सूर्याशी काहीही संबंध नसल्यासारखं मागेपुढे भटकणारं.
५. वारंवारता शहाण्यासारखी वाटते, पण घनता चौपट, चाळीसपट किंवा हजारो पट चुकते.
६. एका तासाचं उत्तर ठीक, पुढच्या तासात एकदम त्याचा चौथा हिस्सा किंवा त्याहूनही कमी.

नाशिकच्या कॉलेजांतली भौतिकशास्त्राची मुलं हा प्रकल्प फिरून फिरून घेतात. कारण उघड आहे. उपग्रह लागत नाही, डेटा फुकट मिळतो, आणि जमिनीवरच्या दोन फाइलींवरून बारा-तेरा हजार किलोमीटर वरच्या प्लाझ्माची घनता निघते. मग सबमिशन जवळ आलं की तक्रारी येतात, आणि त्या याच सहा असतात. भौतिकशास्त्र चुकलंय असं क्वचितच निघतं. फाइल, जोडी नाहीतर घड्याळ, या तिघांपैकी कोणीतरी गुन्हेगार असतो. म्हणून फुकटातल्या तपासण्या आधी, खर्चाच्या आणि कटकटीच्या नंतर.

आपण नेमकं मोजतोय काय

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची, दक्षिण गोलार्धातून निघून उत्तर गोलार्धात उतरणारी बलरेषा दोन्ही टोकांना आयनांबरात (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात) घट्ट बांधलेली असते. तंबोऱ्याच्या तारेसारखा तिला स्वतःचा सूर असतो: रेषा लांब असेल किंवा तिच्यावर जड प्लाझ्मा बसला असेल तर सूर खाली येतो, क्षेत्र बळकट असेल तर वर जातो. बलरेषेवरच्या अशा लहरी हानेस आल्फव्हेन यांनी १९४२ साली मांडल्या. विषुववृत्ताच्या प्रतलात ती रेषा पृथ्वीच्या केंद्रापासून किती त्रिज्यांवर पोचते, त्या आकड्याला एल म्हणतात. शांत (चुंबकीय वादळ नसलेल्या) दिवशी एल ३ च्या रेषेचा मूळ सूर साधारण १५ ते २० मिलिहर्ट्झ असतो. एल २ च्या खाली तो ५० च्या पुढे जातो.

एकाच वेधशाळेच्या नोंदीत हा सूर सहसा वेगळा काढता येत नाही, कारण बाहेरून आलेल्या लहरींचा गोंगाट मोठा असतो. म्हणून उत्तर-दक्षिण अशा दोन वेधशाळा घ्यायच्या, मध्ये शंभर-दोनशे किलोमीटर अंतर. बाहेरचा गोंगाट दोघींना जवळपास सारखाच ऐकू येतो, पण दोघींच्या डोक्यावरच्या रेषांचे सूर जरा वेगळे असतात. त्या दोन सुरांच्या मधोमध फेजमधला फरक सर्वांत जास्त होतो, तेच आपलं शिखर. बारान्स्की आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दोन ठिकाणच्या आयामांची तुलना करून हे दाखवलं. वॉटर्स, मेंक आणि फ्रेझर यांनी १९९१ मध्ये फेजची पद्धत रूढ केली.

लक्षात ठेवायची गोष्ट एकच: घनता वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. १६ च्या जागी १७ मिलिहर्ट्झ वाचलंत की घनता अकरा टक्क्यांनी घसरली. खालच्या सगळ्या तपासण्यांमागे हेच गणित आहे.

फाइल उघडून नुसती वाचा

यात पैसा लागत नाही, दहा मिनिटं जातात, आणि पहिल्या लक्षणाच्या निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

नमुने किती सेकंदांनी घेतले आहेत ते पाहा. इंटरमॅग्नेटवरून (जगभरच्या चुंबकीय वेधशाळांच्या नोंदी देणाऱ्या जाळ्यावरून) सरसकट डाउनलोड केली की बहुतेकांच्या हाती एक मिनिटाची फाइल येते. एक मिनिटाच्या नोंदीत ८.३ मिलिहर्ट्झच्या वरचं काहीच शिल्लक राहत नाही. तुम्ही १६ मिलिहर्ट्झचं शिखर अशा फाइलीत शोधताय जिथे ते असूच शकत नाही. एक सेकंदाचीच फाइल घ्या. ती नसेल तर तो दिवस सोडा, मिनिटांच्या मध्ये वक्र बसवून खोटे सेकंद तयार करू नका.

मग आकडे. आयएजीए-२००२ प्रकारच्या फाइलीत नोंद नसेल तिथे ९९९९९.०० लिहिलेलं असतं, आणि तो घटक मोजलाच जात नसेल तर ८८८८८.००. हे आकडे तसेच फुरिए रूपांतरात (नोंदीतल्या वारंवारता वेगळ्या करणाऱ्या गणितात) गेले की एका उडीने अख्खा वर्णपट भरून जातो. ते काढायचे हे सगळ्यांना कळतं, कसे काढायचे यात गोची होते. ओळीच उडवल्या तर पुढच्या सगळ्या ओळी वर सरकतात, आणि ती फाइल दुसरीच्या तुलनेत तेवढे सेकंद पुढे धावू लागते. ओळ जागेवर ठेवा. चार-पाच सेकंदांची पोकळी असेल तर शेजारच्या आकड्यांवरून भरा, मोठी असेल तर तो तुकडाच वगळा.

तिसरं, फाइलीच्या माथ्यावर एक्स-वाय-झेड लिहिलंय की एच-डी-झेड ते वाचा. आपल्याला उत्तर-दक्षिण घटक (एक्स किंवा एच) हवा. वर चुंबकावरणात (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या अंमलाखालच्या अवकाशात) रेषा पूर्व-पश्चिम हलते, पण आयनांबरातून खाली येताना त्या हालचालीची दिशा नव्वद अंशांनी फिरते, म्हणून जमिनीवर ती उत्तर-दक्षिण दिसते. एका ठिकाणचा एक्स आणि दुसऱ्या ठिकाणचा वाय घेतला गेला, की क्रॉस-फेज खरखरलाच म्हणून समजा.

चौथं, वेळ. फाइलीत यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) असते, आणि मुलं ‘दिवस’ म्हणून नाशिकचा दिवस कापतात. ही पद्धत चालते ती ज्या वेधशाळा घेतल्या तिथल्या दिवसा, कारण उन्हात आयनांबर चांगलं वाहक असतं आणि रेषेची टोकं घट्ट धरतं. उदाहरणार्थ, हंगेरीतली वेधशाळा घेतली तर तिथे सूर्याच्या हिशेबाने सकाळी ९ ते दुपारी ३ म्हणजे आपल्याकडे दुपारी सव्वा वाजल्यापासून संध्याकाळी सव्वासातपर्यंत. नाशिकची सकाळ कापलीत तर तिथली पहाट हाती येते.

नाशिक-अलिबाग जोडी

हा खास आपल्या गावचा घोळ आहे, म्हणून जरा सविस्तर.

कुणाकडे तरी चांगला फ्लक्सगेट मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र) असतो, तो नाशिकला लावलेला असतो. अलिबागला नामांकित वेधशाळा आहे. नकाशावर दोन्हींच्या अक्षांशात जेमतेम दीड अंशाचा फरक, म्हणजे उत्तर-दक्षिण अंतर दीडशे किलोमीटर. पुस्तकात सांगितलेलं अंतर बरोबर जुळतं. मग महिनाभर आलेख काढले जातात आणि शिखर काही येत नाही. यंत्र बदललं जातं, केबल बदलली जाते, अलिबागच्या नोंदींवर संशय घेतला जातो.

अलिबागच्या नोंदी चोख आहेत. कुलाब्याला १८४१ पासून चालत आलेली मोजणी मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून तिकडे हलवली, आणि १९०४ पासून अलिबाग चुंबकीय गोंगाटापासून लांब राहून नोंदतंय. अडचण दुसरीच आहे. नाशिकचा भौगोलिक अक्षांश २० असला तरी चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं, त्यामुळे आपला चुंबकीय अक्षांश बारा-तेरा अंशांच्याच घरात येतो. इथून निघालेली बलरेषा सुमारे ३०० किलोमीटर उंची गाठते आणि विषुववृत्ताच्या जरा दक्षिणेला हिंदी महासागरावर उतरते. एल जेमतेम १.०५. आणि ३०० किलोमीटर म्हणजे आयनांबराचा एफ थर. टोकं आयनांबरात आणि मधला भाग मोकळ्या चुंबकावरणात असं इथे काही नाहीच, अख्खी रेषा आयनांबरात बुडालेली आहे. ती थरथरायच्या आधीच दबते. चुंबकावरणातल्या प्लाझ्माबद्दल ती काय सांगणार?

थोडं उत्तरेला सरकून भागत नाही. एल दीडच्या आसपाससुद्धा रेषेचा बराच भाग ऑक्सिजनच्या जड आयनांमध्ये असतो. तिथे उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना सूर वाढायच्या ऐवजी कमी होऊ लागतो, आणि शिखर उलटतं. नवख्याने तिथे हात घालू नये.

म्हणून जोडी बाहेरची घ्या. हंगेरीतलं तिहान्य आणि स्लोव्हाकियातलं हुर्बानोवो ही शिकायला चांगली जोडी: सुमारे ११० किलोमीटर अंतर, रेखांश जवळपास एक, एल २ च्या जरा खाली. युरोपातली एम्मा ही वेधशाळांची साखळी, कॅनडातली करिस्मा, फिनलंड-स्कँडिनेव्हियातली इमेज, यांतून वरच्या एलच्या जोड्या मिळतात. ठरवण्यापूर्वी दोन्ही ठिकाणची त्या दिवसाची एक सेकंदाची नोंद आहे ना, एवढं पाहून घ्या. अंतर तीनशे किलोमीटरच्या पुढे गेलं की दोन नोंदींचं एकमेकींशी जुळणं कमी होतं. पन्नासच्या खाली आलं की फेजमधला फरकच इतका बारीक होतो की गोंगाटात बुडतो.

नाशिकचं यंत्र अडगळीत टाकायचं कारण नाही. चुंबकीय वादळाची सुरुवात, दुपारचा रोजचा चढ-उतार त्यात सुरेख दिसतो. फक्त या कामाला ते नाही.

घड्याळ

तिरकी रेघ दिसली की दुसरं काही पाहू नका, घड्याळ पाहा. हिशेब सोपा आहे: फेजमधली चूक अंशांत = ३६० × वारंवारता × वेळेतली चूक. एक फाइल दुसरीपेक्षा दोन सेकंद पुढे असेल तर २० मिलिहर्ट्झला १४ अंश, ४० ला २९ अंश, ६० ला ४३ अंश. आलेखावर हे तीन बिंदू एका सरळ रेघेत येतात आणि रेघ शून्यातून जाते. निसर्ग असा सरळ रेघेत चालत नाही. खरं शिखर म्हणजे एका जागी उंचवटा आणि दोन्ही बाजूंना उतार.

घड्याळाची चूक वाईट का, तर ती शिखर पुसत नाही, सरकवते. तिरक्या रेघेवर उंचवटा बसला की त्याचं टोक खऱ्या जागेपासून ढळतं. डोळ्याला शिखर दिसतं, मन समाधानी होतं, आणि घनता गुपचूप चुकते. अनुनादाचा (रेषेच्या स्वतःच्या सुराचा) उंचवटा बहुधा वीस अंशांपासून ऐंशी-शंभर अंशांपर्यंत असतो, त्यात ४३ अंशांची भर म्हणजे थोडीथोडकी नाही.

कारणं तीनच ठरलेली. एक, वर सांगितलेल्या उडवलेल्या ओळी. दोन, एका ठिकाणी जीपीएस आणि दुसऱ्या ठिकाणी लॅपटॉपचं घड्याळ. तीन, नमुन्याच्या वेळेचा शिक्का: एका फाइलीत सेकंदाच्या सुरुवातीचा, दुसरीत मधला, म्हणजे अर्ध्या सेकंदाचा फरक. कुठलं कारण आहे ते ओळखायला दिवसाचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्यात रेघेचा उतार काढा. उतार दिवसभर एकच असेल तर शिक्क्याची किंवा घड्याळाच्या सेटिंगची चूक. पायरीपायरीने वाढत असेल तर ओळी उडाल्या आहेत. हळूहळू सरकत असेल तर लॅपटॉपचं घड्याळ.

दुरुस्ती करताना एक पथ्य पाळा. एक फाइल एकेक सेकंद सरकवून ‘शिखर छान दिसेल’ तिथे थांबू नका, त्यात हवं ते उत्तर मिळतं. उतार अनुनादापासून लांबच्या वारंवारतांवर मोजा आणि तेवढंच सरकवा. त्या महिन्यात एखादं वादळ अचानक सुरू झालं असेल तर तो धक्का शंभर किलोमीटरवरच्या दोन वेधशाळांना जवळपास एकाच क्षणी बसतो. दोन्ही फाइलींत तो कुठल्या सेकंदाला आहे ते पाहिलं की घड्याळाचा निकाल लागतो.

शिखर आहे, पण ते कोणाचं

घड्याळ झालं की हा प्रश्न.

सर्वांत जास्त दिसणारी गफलत: क्रॉस-फेज सोडून एकाच वेधशाळेच्या शक्तिवर्णपटातलं (कुठल्या वारंवारतेवर किती जोर आहे त्या आलेखातलं) सगळ्यात उंच टोक घ्यायचं. ते टोक बहुधा बाहेरून ढकलणाऱ्या लहरींचं असतं. पृथ्वीसमोरच्या सौरवाऱ्यात तयार होणाऱ्या या लहरींची वारंवारता मिलिहर्ट्झमध्ये साधारण तिथल्या चुंबकीय क्षेत्राच्या सहापट असते. क्षेत्र ५ नॅनोटेस्ला असेल तर टोक ३० मिलिहर्ट्झला. एल ३ ला असो की २.५ ला, ते तिथेच येणार. त्यातून घनता काढली तर ती प्लाझ्माची नसते, सौरवाऱ्याच्या लहरीपणाची असते. ओळखायची खूण: दोन्ही वेधशाळांत टोक अगदी एकाच जागी आहे आणि तिथे फेजमध्ये काहीच घडत नाही.

तुकड्याची लांबीही पाहा. वीस मिनिटांचा तुकडा घेतला तर वारंवारतेच्या घरांमधलं अंतर ०.८३ मिलिहर्ट्झ होतं. १६ वर हीच चूक घनतेत दहा टक्के. तासाभराचा तुकडा घ्या, दहा-पंधरा मिनिटांनी पुढे सरकवा आणि शेजारची घरं एकत्र करून सरासरी काढा.

उलट्या शिखराचं कारण साधं असू शकतं: ‘उत्तर वजा दक्षिण’ करायचं ते ‘दक्षिण वजा उत्तर’ झालं. सर्वत्र १८० अंशांचा फरक येत असेल तर एका ठिकाणी तार उलटी जोडली आहे. पण हे दोन्ही नसताना शिखर उलटत असेल तर ते दुरुस्त करायला जाऊ नका. प्लाझ्मास्फिअरची (पृथ्वीभोवतीच्या दाट प्लाझ्माच्या भागाची) कड, म्हणजे प्लाझ्मापॉज, तुमच्या दोन वेधशाळांच्या मधून जात असू शकते. त्या कडेबाहेर प्लाझ्मा एकदम विरळ होतो, म्हणून बाहेरची रेषा लांब असूनही तिचा सूर वर जातो. हा दोष नाही, शोध आहे.

सहाव्या लक्षणात, उत्तर चौथ्या हिश्शावर उडी मारतं तिथे, मूळ सुराऐवजी दुसरा स्वर पकडला गेलेला असतो. बलरेषेचा दुसरा स्वर पहिल्याच्या बरोबर दुप्पट नसतो, बहुधा त्याहून वर असतो, म्हणून घनता चौथ्या हिश्शाहूनही कमी येते. संपूर्ण दिवसाचा आलेख वेळ विरुद्ध वारंवारता असा काढला की दोन समांतर पट्टे दिसतात, खालचा धरा. पहाटेच्या सुमारास याच्या उलटही होतं: रेषेचं एक टोक उन्हात आणि दुसरं अंधारात असेल तर अंधारातलं टोक सैल पडतं, सूर जवळपास निम्म्यावर येतो आणि घनता चौपट भासते.

गुणाकारातल्या चुका पटीवरून ओळखा

पाचव्या लक्षणात चुकीची पटच गुन्हेगाराचं नाव सांगते.

सुमारे ३९ पट: कुठेतरी २π राहिला किंवा जास्तीचा आला, त्याचा वर्ग ३९.५. चौपट: अर्धीच रेषा धरली. चौपटीहून जास्त: वर सांगितलेला दुसरा स्वर. सुमारे १८३६ पट: प्रोटॉनच्या जागी इलेक्ट्रॉनचं वस्तुमान. दहा लाख पट: घनमीटर आणि घनसेंटिमीटर. यापैकी काहीच नसून दहा-वीस टक्के फरक असेल तर रेषेवर घनता कशी पसरली असं गृहीत धरलं त्यातला तो फरक असू शकतो. विषुववृत्तापासून खाली येताना घनता अंतराच्या कुठल्या घाताने वाढते, त्याला १ घेतलं की ३, यावर मूळ सुरातून निघणारी विषुववृत्तीय घनता थोडी बदलते, पण चौपट होत नाही. त्यावर वाद घालत बसू नका.

शेवटी एक फुकट पडताळा. कार्पेंटर आणि अँडरसन यांच्या १९९२ च्या प्रारूपात शांत प्लाझ्मास्फिअरमध्ये घनसेंटिमीटरला इलेक्ट्रॉन एल २ ला सुमारे १९००, एल ३ ला ९००, एल ४ ला ४५० असतात. तुमचं उत्तर वस्तुमानाचं आहे, अणुवस्तुमान एककांत. हायड्रोजनपेक्षा हलकं आयन नाही, तेव्हा त्याच जागी त्याच वेळी वस्तुमानाचा आकडा इलेक्ट्रॉनांच्या आकड्याहून कमी येऊच शकत नाही. शांत दिवशी तो थोडा जास्त असतो, कारण हेलियम आणि जरासा ऑक्सिजनही असतो. तुमचा आकडा खूपच खाली असेल तर आधी तो दिवस कुठला होता ते पाहा. वादळात प्लाझ्मास्फिअरची बाहेरची बाजू सोलून निघते आणि पुन्हा भरायला दिवस लागतात. १०-११ मे २०२४ च्या वादळानंतरचा आठवडा घेऊन ‘आकडे पडले’ म्हणणाऱ्याचे आकडे खरेच पडलेले असतात.

स्वतःचं यंत्र असेल तर

ही तपासणी सर्वांत कष्टाची, म्हणून शेवटी. जोडी बाहेरची घेतली असेल तर हा भाग सोडून द्या.

आपण पाव-अर्ध्या नॅनोटेस्लाची थरथर मोजतोय, आणि नाशिकचं एकूण क्षेत्र ४३,००० च्या आसपास आहे. मोबाइलमधल्या सेन्सरला दहा-वीस नॅनोटेस्लाचा फरकही धड दिसत नाही, तेव्हा तो प्रयोग नको. फ्लक्सगेट शहराबाहेर न्यायचा म्हणून मुलं दिंडोरी-निफाडकडच्या कुणाच्या तरी द्राक्षबागेत नेतात. बाग शांत दिसते, पण मांडव म्हणजे लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारांचं जाळं, वाऱ्यावर हलणारं. औषध फवारणीचा ब्लोअर ट्रॅक्टर ओळीतून गेला की नोंदीत गोल फुगवटा येतो, आणि ओळीगणिक तो ठरावीक अंतराने परत येतो. ही ‘वारंवारता’ आपल्या पट्ट्यात सहज बसते. खालचा काळा पाषाण मात्र निर्दोष. बसाल्ट चुंबकित आहे खरा, पण तो जागचा हलत नाही, आणि आपल्याला बदल मोजायचाय. निफाडच्या थंडीत पहाटे आणि दुपारी तापमानात पडणारा फरकही तासांच्या गतीने येतो, गाळणीत (फिल्टरमध्ये) निघून जातो.

खरा चकवा विजेचा. सेकंदाला एकच नमुना घेत असाल आणि आधी गाळणी नसेल, तर ५० हर्ट्झची वीज दुमडून शून्याजवळ येऊन बसते. ग्रिड नेमकं ५० वर राहत नाही, ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात फिरतं. ४९.९८ ची वीज तुमच्या नोंदीत २० मिलिहर्ट्झची ‘लहर’ होऊन दिसते, आणि ग्रिड जसं हलेल तशी भटकते. चौथ्या लक्षणातला भटक्या तो हाच. वर तो दुसऱ्या भारतीय ठिकाणच्या तसल्याच यंत्रातही हुबेहूब दिसतो, कारण ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर वाहिनी जोडल्यापासून सगळ्या देशाचं ग्रिड एका तालात चालतं. दोन यंत्रांत एकच लहर आली म्हणून ती आकाशातली असं समजू नका. उपाय: सेकंदाला दोनशे-चारशे नमुने घ्या आणि बरोबर एका सेकंदाची सरासरी नोंदवा.

रस्त्याकाठी यंत्र असेल तर जवळच्या सिग्नलची फेरी सेकंदांत मोजा. ९० सेकंदांची फेरी म्हणजे ११ मिलिहर्ट्झवर खिळलेलं शिखर. सिंहस्थाच्या कामांचे डंपर चालू आहेत तोवर शहराच्या हद्दीत हा उद्योग करूच नये असं माझं मत.

इथे थांबा

पंपाच्या किंवा शेडच्या अर्थिंगमधून गळती येतेय असा संशय असेल तर स्वतः तारा उघडू नका. परवानाधारक वायरमनला बोलवा. हा विषय घनतेचा नाही, जिवाचा आहे.

फ्लक्सगेटचे तीन अक्ष एकमेकांशी काटकोनात आहेत का, किंवा त्याचा गुणक बरोबर आहे का, हे घरी ठरत नाही. सेन्सर खोलू नका. पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे कॉलेजमार्फत पत्र लिहा.

वादळी दिवस, किंवा एल ५ च्या पुढची जोडी असेल तर बलरेषा साध्या द्विध्रुवाची (पट्टीचुंबकासारखी) राहत नाही. तिथे त्सिगानेंको यांच्यासारखी प्रारूपं लागतात, आणि ती चालवणारा अनुभवी माणूसही. दोन-तीन स्वर एकत्र वापरून ऑक्सिजनचं प्रमाण काढायचा मोह झाला तरी तेच.

आणि एक सेकंदाच्या फाइली, योग्य जोडी, दुरुस्त घड्याळ, शांत दिवस, भरदुपार, एवढं सगळं असूनही सलग काही दिवस शिखर येत नसेल, तर कोडमध्ये अजून गाळण्या घालू नका. जाणकाराला पाठवा. पाठवताना दोन्ही मूळ फाइली माथ्यावरच्या ओळींसकट, हात न लावलेल्या. तारीख आणि यूटीसीतली वेळ. कुठून काय वजा केलंय ते. आणि शून्य ते शंभर मिलिहर्ट्झचा पूर्ण आलेख. फक्त शिखराभोवतीचा कापलेला तुकडा पाठवलात तर पहिलं उत्तर ‘बाकीचा आलेख पाठवा’ असंच येईल.